फासे आणि गप्पा : गोब्लिनची भाषा, एल्फची भाषा आणि आपली

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते की कॅरेक्टर शीटवर सगळ्यात उपाशी रकाना कोणता असेल तर तो भाषांचा, तुमच्या ग्रुपमधे त्याचं काय करता ते कळवा. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचा सगळा कॉलम त्याच्यावरच करतेय. पहिल्यांदा वाचत असाल तर थोडक्यात सांगते, डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 मधे आणलेला खेळ, एक जण डीएम म्हणजे जग चालवणारा, बाकीचे त्या जगातली एकेक पात्रं, आणि काय जमलं काय नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. प्रत्येक पात्राच्या कागदावर, म्हणजे कॅरेक्टर शीटवर, लिहिलेलं असतं की याला कोणकोणत्या भाषा येतात, एल्फ, ड्वार्फ, गोब्लिन, ऑर्क, ड्रॅगन अशा काल्पनिक जमातींच्या, आणि त्या सगळ्यांना जोडणारी एक, तिचं नाव कॉमन. प्रश्न त्याच ओळीबद्दल आहेत.

ताई, आमचा सहा जणांचा ग्रुप आहे, दर रविवारी खेळतो. शीटवर सगळ्यांनी एल्विश, ड्वार्विश, ड्रॅकॉनिक काय काय लिहून ठेवलंय पण दोन वर्षांत एकदाही कामी नाही आलं, कारण ज्याला भेटा त्याला कॉमन येतेच. डीएम म्हणतो भाषा काढूनच टाकू. काढायच्या का?
— एक वाचक, महाल

नका काढू. भाषा तशाच ठेवा आणि कॉमनचे पंख थोडे कापा.

बघ, 1974 च्या पहिल्या पुस्तिकेत कॉमन होती, पण ती बहुतेक माणसांची भाषा होती, आणि बाकी जे बोलू शकणारे प्राणी नि राक्षस होते त्यांच्यापैकी फक्त 20 टक्क्यांना ती यायची. म्हणजे पाचात एक. पुढे पुढे खेळ सोपा व्हावा म्हणून म्हणा की डीएम लोकांच्या आळसाने म्हणा, ती सगळ्यांच्याच तोंडी आली आणि मग बाकीच्या भाषा शोभेच्या झाल्या. तुमच्या डीएमला सांग, पुढच्या रविवारी हा जुना नियम लावून बघ, नवीन कोणी भेटला की दहा बाजूंचा फासा टाक, एक किंवा दोन आला तरच त्याला कॉमन येते. पहिल्याच दिवशी फरक दिसेल.

पण याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. कॉमन येते म्हणजे *काय* येतं? तू महालातला, तुला हे मी सांगायला नको. बर्डीच्या बाजारात जा. दुकानदार मराठी, गिऱ्हाईक मराठी, दोघांनाही माहित्ये की समोरचा मराठी आहे, तरी भाव हिंदीतच होतो, 'भैया सही लगाओ, दो लूंगी', 'दीदी बोहनी का टाइम है', आणि मधेच त्या दुकानदाराचा फोन वाजतो नि तो म्हणतो, 'हाव माय, येऊनच रायलो, जेवून घे तू'. हीच कॉमन. भावाची, रस्त्याची, कामाची भाषा. आईशी बोलायची ती वेगळी.

आपल्यापासून फार लांब नाही, बस्तरमधे हलबी आहे, मराठी, ओडिया, छत्तीसगढी सगळ्यांचा वास असलेली भाषा, आणि तिकडच्या हाटात गोंडी बोलणारा नि दुसरी कोणती भाषा बोलणारा भेटले की हलबीतून बोलतात. कोणी फतवा काढून नाही आणली, मीठ-महुआ-कापड विकता विकता अशा भाषा रुजतात. तुमच्या जगातली कॉमन पण बाजारातून आलीये असं धरा, म्हणजे तिच्यात काय चांगलं बोलता येतं नि काय नाही ते आपोआप ठरतं.

माझ्या टेबलावर मी असं ठेवलंय: कॉमनमधे भाव, रस्ता, जेवण, हवामान, धमकी, वेळ हे सगळं चालतं. शपथ, कायदा, देवाधर्माचं, आजारपण, नात्यातली भानगड, दुःख हे नाही चालत, म्हणजे बोलता येतं पण तुटक. मागच्या उन्हाळ्यात एका सेशनला पार्टी, म्हणजे खेळणाऱ्यांच्या पात्रांची टोळी, खाणीजवळच्या गावात पोचली, बाहेर पंचेचाळीस डिग्री, कूलरचा आवाज, पोट्टे अर्धे झोपेत. तिथे एक ड्वार्फ म्हातारी बसलेली. मी तिच्याकडून कॉमनमधे एवढंच बोलले, 'पोरगा. खाण. नाही आता.' सगळे म्हणाले ओके, खाणीत काहीतरी आहे, चला. पण आमच्यात एक जण ड्वार्फ खेळतो, आठ सेशन झाले होते, फारसं बोलायचाच नाही. त्याने हळूच विचारलं, मी ड्वार्विशमधे बोलू का तिच्याशी? म्हटलं बोल. आणि आमचा ठरलेला नियम असा की ड्वार्विश म्हणजे वऱ्हाडी. तो म्हणाला, 'काय झालं माय पोराले?' मग ती म्हातारी दहा मिनिटं बोलली. पोरगा कसा होता, त्याला काय आवडायचं, त्या दिवशी डबा घरीच विसरला होता. बाकीच्या चौघांना मी सांगितलं, तुम्हाला यातलं काही कळत नाहीये, फक्त तिचा चेहरा दिसतोय. कोणी फोनला हात नाही लावला. कुठला राक्षस होता नि कसा मारला ते आता आठवतही नाही मला, ती म्हातारी आठवते.

तेव्हा काढू नका.

मी इंजिनिअरिंगला आहे, पहिल्यांदा डीएम होतोय. मला माझ्या ड्वार्फ लोकांसाठी स्वतःची भाषा बनवायची आहे. ग्रामर, शब्दकोश सगळं. किती शब्द पुरतील? दोन हजार?
— हिंगणा रोड

तीस.

खरंच सांगतेय. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टॉल्किन यांनी आयुष्यभर भाषा रचल्या, पण ते पेशाने भाषेचेच प्रोफेसर होते, ऑक्सफर्डला शिकवायचे. तुला सेमिस्टर आहे. आणि खेळताना दोन हजार शब्द कोणी ऐकणार नाही, ऐकतील ती नावं. गावांची, नद्यांची, गडांची, माणसांची. म्हणून तीसेक मूळ शब्द कर, डोंगर पाणी गड पूल जुना काळा मोठा भाऊ असे, आणि त्यांच्यावर *दोन आवाजांचे नियम* लाव. टॉल्किन यांच्याकडून उचलायची गोष्ट ही आहे, शब्दांची संख्या नाही. त्यांच्या एल्फच्या दोन भाषा एकाच जुन्या भाषेतून फुटलेल्या, आणि आवाज नियमाने बदललेले.

नियमाने म्हणजे काय ते आपल्या घरातच बघ. पुण्याकडचे डोळा म्हणतात, वऱ्हाडीत डोया. काळा, काया. शाळा, शाया. एखाद-दुसऱ्या शब्दात नाही झालं, ळ दिसला की य, असं ओळीने झालंय. म्हणून तुला एखादा नवा ळ-वाला शब्द दिला तरी आजीच्या तोंडी तो कसा येईल ते तू लगेच सांगशील. दुसरं उदाहरण घे, दुधाला तमिळमधे पाल, गोंडीत पण पाल, आणि कन्नडमधे हालु. जुन्या कन्नडमधे तेही पालच होतं, पुढे शब्दाच्या सुरुवातीचा प जाऊन ह आला.

आता हे दोन नियम उचल आणि ड्वार्फना दे. समज जुन्या ड्वार्विशमधे थूळ म्हणजे गड, ओळेम म्हणजे नदी, पार म्हणजे गाव. डोंगरावरच्या ड्वार्फनी भाषा जुनी ठेवली, खाली सपाटीवर आलेल्यांची बदलली, ळ चा य झाला, प चा ह. म्हणजे वरच्यांचं थूळपार, तेच खालचे थूयहार म्हणतात. बस. आता तुझी पार्टी तीन सेशन थूयहार नावाच्या फालतू खेड्यात दारू पीत बसली आहे, आणि चौथ्या सेशनला त्यांना डोंगरात एक पडकी कमान सापडते, तिच्यावर कोरलंय 'थूळपार'. तू काही बोलू नको. गप बस. कोणीतरी कागद पुढे ओढेल, ओयेम नाल्याचं नाव तिकडे जुन्या नकाशावर ओळेम होतं हे आठवेल, आणि टेबलावर एक जण ओरडेल की अबे हे तेच गाव आहे! या खेड्याच्या खाली गड आहे! माझ्याकडे हे अगदी असंच झालंय, ओरडणारी मुलगी कॉमर्सची होती, तिने भाषाशास्त्र हा शब्द पण ऐकला नव्हता.

अजून एक कर, उसने शब्द. आपण हुकूम, अर्ज, सरकार, जमीन म्हणतो, हे फारसीकडून आले, कारण दरबार नि दप्तर त्या भाषेत चालायचं. बटाटा, पाव, चावी, पगार हे पोर्तुगीजांकडून. म्हणजे नुसते शब्द बघून सांगता येतं की कोणी राज्य केलं नि कोण जहाजातून माल घेऊन आलं. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकानंतर राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याचसाठी, कारभारातले फारसी शब्द जाऊन त्या जागी संस्कृत यावेत म्हणून. तुझ्या ड्वार्फच्या भाषेत कर, तुरुंग, कायदा हे तीन शब्द एल्विश असू दे आणि कोणालाही कारण सांगू नको. ज्याला इतिहास कळतो तो खेळाडू स्वतःच विचारेल की एल्फ इथे राज्य करत होते का? हो म्हण.

ग्रामर नंतर कर, नाही केलंस तरी चालेल.

थीव्ज कँट म्हणजे चोरांची भाषा, माझ्या 'रोग'ला (Rogue, म्हणजे चोर-पात्र) येते. पण आमच्याकडे तिचा वापर म्हणजे डीएम म्हणतो 'तू त्याला गुपचूप सांगितलंस' एवढाच. काही देशी पद्धत आहे का ही खेळायची?
— इतवारी

इतवारीतून, नागपूरच्या व्यापारी पेठेतून, हा प्रश्न यावा याचा मला फार आनंद झाला, कारण व्यापाऱ्यांच्या गुप्त बोलीची मराठीत जुनी परंपरा आहे. तिला नंदभाषा म्हणतात. दलाल नि व्यापारी गिऱ्हाइकासमोर एकमेकांना भाव सांगायचे पण गिऱ्हाइकाला कळायचं नाही, कारण आकड्यांना वेगळीच नावं. पोकू म्हणजे चार, मुळू म्हणजे पाच, पवित्र म्हणजे सात. समोर उभा असलेला माणूस ऐकतोय की हे दोघं काहीतरी पवित्र-बिवित्र बोलतायत, आणि तिकडे त्याच्या मालाला सात रुपये ठरले. बैलबाजारात तर बोलायचं पण नाही, उपरण्याखाली दोघांचे हात जातात, बोटं दाबून सौदा, वर चेहऱ्यावर काही नाही. बोटांनी बोलायच्या विद्येला आपल्याकडे करपल्लवी म्हणतात आणि डोळ्यांनी बोलायच्या विद्येला नेत्रपल्लवी, किती सुंदर शब्द आहेत बघा, आणि आपण सिग्नल म्हणतो.

खेळाच्या 2014 च्या नियमात लिहिलंय की या भाषेत निरोप द्यायला साध्या बोलण्याच्या चौपट वेळ लागतो, कारण खरा निरोप साध्या दिसणाऱ्या गप्पांत लपवायचा असतो. हाच नियम धरून खेळा. तुम्ही आणि डीएम मिळून दहा शब्द ठरवा, जास्त नको, आणि बाकीच्यांना सांगू नका. पाऊस म्हणजे पहारेकरी, आत्या म्हणजे मुख्य चोर, दही म्हणजे विष, असं काहीतरी. मग भर दरबारात तुमचा रोग विचारतो, 'आत्याकडे पाऊस कसा आहे यंदा?' आणि समोरचा म्हणतो, 'पाऊस नाही फारसा, पण दही लावलंय.' आता तो निरोप तुम्ही *खरंच* लपवलात, नुसता फासा टाकून नाही.

लिहिण्यासाठी पण आहे आपल्याकडे. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा सांकेतिक लिप्यांत ठेवले, भाषा मराठीच, पण अक्षरं अशी की पंथाबाहेरच्याला वाचता येऊ नये. शेकडो वर्षं ते तसेच राहिले, बाहेरच्या अभ्यासकांना त्याची किल्ली गेल्या शतकात मिळाली. रिद्धपूर त्यांचं मोठं क्षेत्र, आपल्या अमरावती जिल्ह्यात. एखादा मठ, त्यात पोथ्या, भाषा पार्टीतल्या सगळ्यांना येते पण एक अक्षर लागत नाही, यापेक्षा चांगलं डन्जन मला तरी सुचत नाही.

आमच्या विझार्डकडे, म्हणजे जादूगाराकडे, काँप्रिहेंड लँग्वेजेस हा कोणतीही भाषा समजवणारा स्पेल (मंत्र) आहे. मी कितीही मेहनतीने शिलालेख बनवला की हा स्पेल टाकतो आणि वाचून मोकळा. काय करू?
— वर्धा

स्पेल नीट वाचा आधी, त्यातच सगळं आहे. एक तास चालतो. फक्त कळतं, *बोलता* येत नाही. लिहिलेलं वाचायचं तर ते ज्यावर लिहिलंय त्याला हात लावावा लागतो, म्हणजे शिलालेख उंचावर असला की आधी चढा. एका पानाला साधारण एक मिनिट. गुप्त संकेत उलगडत नाही. आणि बोललेल्याचा *शब्दशः* अर्थ कळतो. हा शब्द सोन्याचा आहे.

माझ्या टेबलावर पार्टी दाराआड लपून ऐकत होती, आतून ऑर्क भाषेत आवाज, विझार्डने स्पेल टाकला, मी सांगितलं की मुखिया म्हणतोय, 'उद्या पहाटे आम्ही त्या मुलीचे हात पिवळे करणार.' झालं! सगळ्यांनी ठरवलं की बळी देतायत, विष लावतायत, रात्रीतून हल्ला करायचा. अर्धा तास प्लॅनिंग. मग एक जण, ज्याच्या बहिणीचं नुकतंच लग्न झालं होतं, तो एकदम थांबला आणि म्हणाला, थांबा रे, लग्न आहे तिचं. हल्ला करायला निघालेले लोक आहेर शोधायला लागले. मराठीत असे किती आहेत, पाणी पाजणं, हात दाखवणं, नाक कापणं, कानाला खडा लावणं, डोळ्यात तेल घालणं. बोलताना एकेक घालत जा, विझार्डला स्पेल तर लागेलच आणि डोकं पण.

मी गडचिरोली जिल्ह्यातली, नागपुरात हॉस्टेलवर राहते. घरी गोंडी बोलतो. मैत्रिणींनी खेळायला बोलावलं, मजा आली, पण जंगलातले गोब्लिन आले तेव्हा डीएमने त्यांना तुटकं तुटकं बोलायला लावलं, 'हम मारेगा, हम खायेगा', आणि सगळे हसले. मला कसंतरी झालं. मी जास्त विचार करतेय का?

नाही. तू अजिबात जास्त विचार करत नाहीयेस, आणि हे तू लिहिलंस म्हणून मी तुझी मनापासून आभारी आहे. मी पण सुरुवातीची काही वर्षं गोब्लिनना असंच बोलवलंय. तेव्हा समोर कोण बसलंय नि त्याला काय वाटतंय हा विचार केला नाही. चूक होती ती.

हा दोष खेळाच्या मुळातच थोडा आहे. पुस्तकात एका जमातीला एक भाषा, ऑर्कला ऑर्क, गोब्लिनला गोब्लिन, जसं काही सगळे गोब्लिन एकाच घरात वाढले. आणि त्यांना आपण कायम *आपल्या* भाषेत बोलताना ऐकतो, त्यांच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या भाषेत, तीही तलवार समोर असताना. अशा वेळी कोणाचीही भाषा तुटेल. मला उद्या चेन्नईच्या बाजारात कोणी चाकू दाखवला तर माझी तमिळ पण 'मी पैसे नाही, जा' एवढीच असेल, म्हणून मी बावळट नाही होत.

तू ज्या भाषेत घरी बोलतेस ती 2011 च्या जनगणनेत 29 लाखांहून जास्त लोकांनी मातृभाषा म्हणून सांगितली. ती द्रविड कुळातली, तमिळ-तेलुगूची नातेवाईक, म्हणून वर दुधाचा शब्द दिला तो तमिळशी जुळतो नि मराठीशी नाही. तिला स्वतःच्या लिप्या आहेत, मसराम गोंडी 2017 मधे युनिकोडमधे आली, गुंजाला गोंडी 2018 मधे, म्हणजे मोबाइल नि कॉम्प्युटरवर त्या अक्षरांना हक्काची जागा मिळाली. आणि ज्या शहरात आपण दोघी बसलोय ते 1702 मधे वसवलं कोणी, तर देवगडचे गोंड राजे बख्त बुलंद शाह यांनी. हे तुझ्या डीएमला माहीत असायला हवं, नागपूरचाच असेल तर नक्कीच.

आता टेबलावर काय करायचं. तू डीएमला हे सांग, भांडण म्हणून नाही, नियम म्हणून सांग: *ज्याच्या त्याच्या भाषेत जो तो पूर्ण वाक्य बोलतो.* पार्टीत कोणाला गोब्लिन येत असेल तर त्या क्षणी गोब्लिनचं बोलणं नीट, घरंदाज, म्हणींसकट मराठीत आलं पाहिजे. कोणालाच येत नसेल तर तुटकं ऐकू येईल, पण मग पार्टी त्यांची भाषा बोलायचा प्रयत्न करते तेव्हा *पार्टीचं* बोलणं तुटकं होईल आणि गोब्लिनची पोरं हसतील. हे दोन्हीकडून केलं की ते चिडवणं उरत नाही. नुसतं खरं वाटतं.

आणि एक विनंती. पुढच्या वेळी तू स्वतः गोब्लिन खेळ. तिला बाजाराचं नाव, दोन म्हणी, एक आजी दे. नको वाटलं तर नको, तुझ्यावर सगळ्यांना शिकवायची जबाबदारी नाहीये.

एल्फ 700 वर्षांचा आहे. त्याला कसं बोलवायचं? इंग्रजी सिनेमातल्यासारखं संथ?
— धरमपेठ

संथ नको, *जुनं*. 2014 च्या नियमांत एल्फ साधारण 750 वर्षं जगतो. ज्ञानेश्वरी 1290 ची, म्हणजे आजपासून सुमारे 735 वर्षं मागे. म्हणजे आत्ता म्हातारा झालेला एखादा एल्फ लहानपणी आळंदीला असता तर ओवीतली मराठी त्याची घरची भाषा असती, शिकलेली नाही, आईच्या तोंडची. आपल्याला तिथे शब्दार्थ लागतो, त्याला आपली मराठी पोरकट, घाईची वाटेल. आणि त्यांच्यात पणजोबा जिवंत असतात ना, त्यामुळे भाषा लवकर बदलत पण नाही, कोणी नवा शब्द आणला की टोकायला सात पिढ्या घरात बसलेल्या. त्याला दोन-तीन जुने शब्द कायमचे द्या, जेवणाला भोजन, गावाला नगर, आणि मुख्य म्हणजे मेलेल्या माणसांबद्दल वर्तमानकाळात बोलू द्या.

खेळताना नवीन भाषा शिकता येते का?
— कामठी रोड

येते. 2014 च्या पुस्तकात 250 दिवस आणि रोजचं एक सोन्याचं नाणं, शिकवणारा मिळाला पाहिजे. फार लांब वाटत असेल तर मी असं करते की ज्या गावात पार्टी महिनाभर राहिली तिथली भाषा अर्धी येते, भाव करता येतो, विनोद कळत नाही.

नात हा खेळ खेळते, मी शेजारी बसून ऐकतो, चांगली करमणूक होते. पण मुलं सगळं इंग्रजीत बोलतात. विचारलं तर नात म्हणते, आबा, हे मराठीत होऊच शकत नाही, फँटसी वाटतच नाही. खरं आहे का? मी निवृत्त शिक्षक आहे म्हणून जरा जास्तच खुपतं.
— रामदासपेठ

काका, नमस्कार. तुम्ही शेजारी बसून ऐकता हेच मला फार आवडलं. नातीचं म्हणणं मी समजू शकते, पुस्तकं इंग्रजीत, व्हिडिओ इंग्रजीत, मग कानाला तीच सवय. पण मराठीत होऊ शकत नाही हे खरं नाही. काही गोष्टी तर मराठीतच होतात.

आमच्याकडे मागे एक तह होता, पार्टी आणि गोब्लिनांची मुखीण. बाहेर ड्रॅगन सगळ्यांचीच गावं जाळतोय. मुखीण मी करत होते. ती सुरुवातीपासून म्हणत होती, 'आम्ही पाहिला त्याला. आमची घरं गेली. आम्ही उद्या दरीत उतरणार.' पार्टी समजावतेय, शपथा घेतायत, सोनं देतायत, ती ऐकूनच घेत नाही, फासे पण वाईट पडत होते. मग आमच्यातली एक मुलगी, जी क्लेरिक, म्हणजे जखमा बऱ्या करणारी पुजारीण, खेळते, तिने काही न मागता त्यांच्या जखमी पोराला बरं केलं, शेवटचा स्पेल होता तिचा, स्वतःसाठी ठेवलेला. मी थोडा वेळ थांबले आणि मुखीण म्हणाली, 'ठीक आहे. आपण उद्या दरीत उतरू.'

एवढंच. आम्ही चं आपण. सगळ्यांना कळलं, एकाने टेबलावर हातच मारला. आता हे इंग्रजीत करून दाखवायला सांगा नातीला. तिथे दोन्हीला 'वी', हिंदीत दोन्हीला 'हम'. ऐकणारा त्यात आहे की नाही हे मराठी एका शब्दात सांगते, तेलुगूत आहे, तमिळमधे आहे, आपल्याकडे आहे. तू-तुम्ही-आपण तर वेगळंच, राजा तुम्हाला पहिल्या भेटीत तू म्हणाला नि तिसऱ्या भेटीत तुम्ही म्हणाला यात अर्धी गोष्ट झाली.

नातीला म्हणा, एक सेशन मराठीत कर आणि त्यात मला पण घे. म्हातारा एल्फ तुम्ही करा, शिक्षक आहात, जुनी मराठी तुमच्या तोंडी शोभेल. फक्त खेळाचे शब्द बदलायला जाऊ नका. सेव्हिंग थ्रोला सेव्हिंग थ्रोच राहू द्या, हिट पॉइंटला हिट पॉइंट. आम्ही ते सगळं मराठी करून पाह्यलं होतं, त्यात फासा कधी टाकायचा हेच कळेनासं झालं. पात्रं बोलतात ते मराठीत, हिशोब आहे तसा.

आणि हो, तुम्ही एल्फ झालात की नातीला 'बाळ' म्हणा खेळातसुद्धा, 700 वर्षांच्या माणसाला सगळेच बाळ असतात.

— ताई, नागपूर. पुढच्या अंकात नकाशे : गावाचा नकाशा आधी काढायचा की गोष्ट आधी, त्याबद्दल काय करता ते लिहून पाठवा.